कडूबाचं सरण

धामणवाडीच्या बद्रीनाथला झाडांचं वेड लागलं, तेव्हा गावानं आधी त्याची चेष्टा केली आणि मग त्यालाच पुढारी केलं. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या पलीकडचं हे गाव. त्याचं गायरान म्हणजे नुसता उघडाबोडका माळ. उन्हाळ्यात त्याच्याकडे पाहिलं तरी डोळे दुखायचे. बद्रीनाथ जालन्याच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आलेला, घरी जमीन भरपूर, नोकरीची गरज नाही. अशा माणसाला काहीतरी खूळ लागतंच, तसं त्याला हे लागलं. इतरांसारखं त्यानं ते मध्येच सोडलं नाही, एवढं मात्र त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. रोजगार हमीवर त्यानं माळावर चर खोदून घेतले, लिंब, बाभूळ, खैर, सुबाभूळ लावली. ओढ्यापलीकडच्या भीमनगरातल्या बायकांनी डोक्यावर घागरी वाहून ती रोपं उन्हाळ्यात जगवली. नव्वद साल उजाडेपर्यंत माळ हिरवा दिसायला लागला होता.

आता तो राखायचा कसा? उत्तर बद्रीनाथकडे तयारच होतं. मारुतीच्या पारासमोर ग्रामसभा भरली आणि त्यानं कुऱ्हाडबंदीचा ठराव मांडला. ओलं असो की वाळलेलं, गायरानातल्या झाडाला लोखंड लावायचं नाही. जो लावील त्याची कुऱ्हाड जप्त. लोकांनी माना डोलावल्या, कारण बद्रीनाथचं भाषण लांबलं की माना डोलावल्याशिवाय ते संपत नसे. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अन् मानूस मेल्यावर?"

सभा हसली. बद्रीनाथ हसला नाही. त्याचाही विचार त्यानं करून ठेवला होता. "गावात कोनीबी वारलं, तर प्रत्येक घरानं पाच-पाच गोवऱ्या द्यायच्या. गोवरीवर मानूस जळत न्हाई का? लाकडाहून बेस जळतो!" टाळ्या पडल्या. एक कलम वाढलं आणि ठराव मंजूर झाला. प्रत्येक घर म्हणजे कोणाकोणाचं घर आणि कोणत्या मसणवट्यात न्यायच्या, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आपापला मेलेला माणूस आणि आपापले शेजारी होते.

पाठोपाठ बद्रीनाथनं गोबरगॅस आणला. ज्याच्या दावणीला चार जनावरं, त्याच्या परसात टाकी. सरकारी अनुदान त्यानं खेटे घालून मिळवलं, बायकांचे धुरानं लाल झालेले डोळे निवळले आणि उषाबाई, म्हणजे त्याची बायको, निळ्या जाळावर चहा करून पाहुण्यांना दाखवायला लागली. गावातलं शेण असं टाकीत जायला लागल्यावर भीमनगरातल्या बायकांना रस्त्यावर वेचायलाही शेण उरलं नाही. त्यांच्यातल्या मालनबाईनं एकदा त्याला वाटेत थांबवून सांगितलं होतं, "नाना, लाकूड बंद केलं ते बराबर हाय. पन आता शेनबी मिळून न्हाई राह्यलं. आमी चुलीत काय घालावं?" बद्रीनाथनं तिला निर्धूर चुलीची योजना समजावून सांगितली. निर्धूर चुलीतसुद्धा काहीतरी घालावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, किंवा आली आणि त्यानं ती बाजूला सारली.

या मालनबाईचा नवरा म्हणजे कडूबा, माळाचा राखणदार. भीमनगरातलाच माणूस राखणीला ठेवला की भीमनगर आपोआप गप्प बसतं, हा हिशेब बद्रीनाथनं कधी बोलून दाखवला नव्हता, पण केला होता. कडूबानं मात्र काम मनावर घेतलं. ऊन नाही, पाऊस नाही, खांद्यावर घोंगडी टाकून तो माळावर असायचा. सख्ख्या भावाच्या, साहेबरावच्या बायकोची कुऱ्हाडसुद्धा त्यानं हिसकावून पारावर आणून टाकली होती. त्यावरून साहेबराव वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता. बद्रीनाथ ही गोष्ट जिल्ह्याच्या बैठकांमध्ये मोठ्या अभिमानानं सांगायचा. ऐकणारे म्हणायचे, अशी माणसं गावोगाव पाहिजेत.

पंच्याण्णव सालच्या भादव्यात झड लागली ती थांबायचं नाव घेईना. भिंतींना ओल चढली, पांघरुणांना वास यायला लागला, टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होतं. आणि त्यातच औरंगाबादहून एक समिती यायची होती. आदर्श गाव म्हणून धामणवाडी निवडायची की नाही आणि इथला नमुना सगळ्या जिल्ह्याला लावायचा की नाही, हे ती ठरवणार होती. पाणी ओसरलं की उद्या येतो, असा निरोप होता. बद्रीनाथनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. अंगणातला चिखल, भिंतीवरच्या घोषणा, पाहुण्यांचं जेवण, सगळीकडे त्याचंच लक्ष आणि त्याचीच बोंबाबोंब.

तेवढ्यात साहेबराव आला. डोक्यावर गोणपाट घेऊन ओट्याखाली पावसात उभा राहिला.

"नाना, कडूबा गेला."

बद्रीनाथ ओट्याच्या कडेला आला. कडूबाला कावीळ झाल्याचं त्याला माहीत होतं. जाऊन बघून येऊ, असं तो रोज म्हणत होता आणि रोज समितीचं काहीतरी निघत होतं. "कधी?" त्यानं विचारलं.

"पहाटं. पार वाळून गेल्ता."

"लई वाईट झालं. देवमानूस व्हता." बद्रीनाथला खरंच वाईट वाटलं होतं. पण साहेबराव जाईना. गोणपाटाच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं, ते पाहत उभा राहिला.

"सरनाचं कसं करावं, नाना? साऱ्या वस्तीत वाळली काडी न्हाई. टेंभुर्णीहून लाकूड आनावं तर पूल बंद. ती वढ्याकाठची बाभूळ हाय ना, रस्त्याकडची, ती वाळून गेलीय. कडूबानंच दाखवल्ती मला. तेवढी एक घेऊ का?"

बाभूळ बद्रीनाथच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती गावात शिरतानाच्या वळणावर होती. उद्या समितीची गाडी तिथूनच येणार. पहिली दिसेल ती ताजी तोडलेली बाभूळ आणि पांढरं खोड! कुऱ्हाडबंदीच्या गावात! समितीतला एक साहेब तर खोडं मोजतच फिरतो, असं त्यानं ऐकलं होतं.

"साहेबराव," तो हळू आवाजात म्हणाला, "ज्यानं जलमभर झाडाला हात लावू दिला न्हाई, त्याच्याच पायी कुऱ्हाड लावायची? त्याच्या आत्म्याला..." बौद्ध आत्मा मानत नाहीत हे आठवून त्यानं जीभ चावली. "आपला नियम हाय ना. प्रत्येक घरातून पाच गोवऱ्या. मी सांगतो गावात. दुपारपस्तोर गोळा व्हतील."

साहेबरावनं पहिल्यांदा मान वर केली. "गावातून? आमच्या मसनात?"

"का न्हाई? नियमात घर म्हंजे घर."

"बरं," साहेबराव म्हणाला आणि निघून गेला. हुज्जत घातली असती तर बद्रीनाथनं कदाचित बाभूळ दिलीही असती. असं आपलं त्यानं नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं.

बद्रीनाथ पारावर गेला. तिथल्या मंडळींना त्यानं कलमाची आठवण करून दिली. "हाव, देऊ की," सगळे म्हणाले. कुणी नाही म्हणालं नाही, हेच वाईट. नाही म्हणाले असते तर निदान भांडण झालं असतं. ज्यांच्या घरी जनावरं होती त्यांच्या घरी गोबरगॅस होता, म्हणून गोवऱ्या नव्हत्या. थोड्याफार घरांत होत्या त्या झडीनं भिजल्या होत्या. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी गावातलं कोणी हातात गोवरी घेऊन ओढ्यापलीकडच्या मसणवट्यात कधी गेलं नव्हतं, त्या दिवशीही जाणार नव्हतं. हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. बद्रीनाथलाही माहीत होतं. माहीत असून त्यानं साहेबरावला दुपारपर्यंत वाट पाहायला लावली, ही त्याची खरी करणी.

घरी येऊन तो उषाबाईला म्हणाला, "आपल्या पाच गोवऱ्या काढ."

"आपल्या कुठल्या?" उषाबाई परातीत कणीक मळत होती. "सगळं शेन टाकीत टाकायला तुम्हीच लावता न्हाई का?" मग तीच शेजारच्या द्वारकाबाईकडे जाऊन पाच गोवऱ्या घेऊन आली. हाताला लागताच मोडत होत्या, इतक्या दमट. पिशवीत घालून तिनं नवऱ्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "एका मानसाला पाच गोवऱ्या व्हय? जरा लाज धरा." बद्रीनाथनं छत्री उघडली. प्रत्येकानं आपला वाटा दिला की झालं, हे तिला समजावून सांगायला त्याला वेळ नव्हता.

भीमनगरातून जाताना मालनबाईच्या घरापाशी त्याचे पाय अडखळले. घराला छप्पर नव्हतं. भिंती होत्या, दार होतं, आत चूल, कणगी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि या सगळ्यावर सरळ पाऊस पडत होता. बाजूला छपराचं ओलं गवत आणि दोन पत्रे काढून ठेवले होते. काय झालंय ते त्याला लगेच कळलं नाही. कुणाचं घर पडलं, एवढंच वाटलं. मसणवट्यात पोचल्यावर कळलं.

सरण रचून झालं होतं. खाली आढं, त्यावर वासे, बाजूंना मेढी. वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुरानं ते लाकूड काळंभोर झालं होतं. साऱ्या वस्तीत कोरडं लाकूड फक्त डोक्यावर उरलं होतं आणि मालनबाईनं ते काढून दिलं होतं. एका वाशाला अजून तारेचा आकडा तसाच होता, ज्याला ती भाकरीचं शिंकं टांगत असणार. सरणावर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला कडूबा. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं त्रिसरण-पंचशील म्हटलं, चार माणसांनी वरून ताडपत्री धरली, साहेबरावनं रॉकेल ओतलं.

"या नाना," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी जागा केली. सगळे नेहमीसारखेच अदबीनं वागले. बद्रीनाथनं पिशवी पाठीमागे धरली. पुढं होऊन त्या पाच दमट गोवऱ्या सरणावर ठेवणं त्याच्यानं झालं नाही आणि तिथून निघून जाणंही झालं नाही. लाकूड चांगलं पेटलं. घराचं लाकूड ते, वाळलेलं खणखणीत. मालनबाई बायकांत बसली होती आणि जाळाकडे बघत होती. तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. लाजेनं त्याचे कान तापले. परत येताना त्यानं पिशवीसकट गोवऱ्या ओढ्यात टाकून दिल्या.

इथवर झालं ते झालं. माणसाच्या हातून चूक होते, त्यातून तो उठतो. बद्रीनाथनं दुसऱ्या दिवशी जे केलं, ते मात्र चूक म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं.

समिती आली. माळ पाहिला, टाक्या पाहिल्या, जेवणं झाली. उठता उठता त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांना भीमनगर बघायची लहर आली. मालनबाईच्या बोडक्या घरापुढे ते थांबले. मालनबाई तेव्हा साहेबरावच्या पडवीत होती. "हे काय? पावसानं पडलं का?" साहेबांनी विचारलं.

बद्रीनाथला बोलायला तोंड होतं, वेळ होता, ऐकणारेही होते. तो म्हणाला, "इथं आमचा राखणदार राहायचा, साहेब. कालच वारला. त्याच्या बायकोनं सरणासाठी घरचं छप्पर उतरवलं, पण झाडाला हात लावला नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतक्या सहज बोलून गेला. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बद्रीनाथजी, याला म्हणतात चळवळ!" बद्रीनाथ समितीच्या माणसांत मान खाली घालून उभा होता. लोकांना तो नम्रपणा वाटला.

त्यानं मालनबाईकडे एक नवी ताडपत्री पाठवून दिली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव घालायला ग्रामसेवकाला सांगितलं. आढ्यासाठी लाकूड देतो असं काही तो बोलला नाही, कारण लाकूड आणायचं म्हणजे माळावरूनच आणायचं. तिच्या वाटेवरून जायचंही त्यानं सोडलं. शेतात जायला लांबचा रस्ता पडला तरी त्याला तो बरा वाटायला लागला. उषाबाईला सगळं समजत होतं. ती एकदाच बोलली, "त्या सायबाला तुम्ही खरं का न्हाई सांगितलं?" तो म्हणाला, "सांगितलं ते खरंच व्हतं." तिनं पुन्हा तो विषय काढला नाही आणि त्याला ते जास्त लागलं.

संक्रांतीनंतर जालन्याहून बोलावणं आलं. धामणवाडीचा नमुना पसंत झाला होता. जिल्ह्यात जिथं जिथं गायरानावर झाडं लावली होती तिथं तिथं कुऱ्हाडबंदी, गोबरगॅस आणि अंत्यविधीचं कलम, सगळं जसंच्या तसं लागू होणार होतं. मोठा कार्यक्रम होता. आणि कडूबाच्या विधवेचा त्यात सत्कार होता.

बद्रीनाथची झोप उडाली. आता गोष्ट त्याच्या एकट्याच्या लाजेची राहिली नव्हती. त्या कलमात भोक कुठं आहे, हे धामणवाडीला ठाऊक होतं, पण जिल्ह्याला सांगू शकणारा तो एकटाच होता. ज्या ज्या गावाला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे वस्ती आहे, त्या त्या गावात आता कुणीतरी गोणपाट पांघरून कुणाच्या तरी ओट्याखाली उभं राहणार होतं, आणि कुणीतरी त्याला म्हणणार होतं, नियमात घर म्हणजे घर. हे थांबवायला फार काही लागत नव्हतं. माइकसमोर उभं राहून सांगायचं, की ती माणसं माझ्याकडे लाकूड मागायला आली होती आणि मी नाही म्हणालो. बस्स. हे सांगितलं की कलम गेलं. आणि त्याबरोबर पंधरा वर्षांत कमावलेलं नावही गेलं. कोणतं ठेवायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

मालनबाईला बोलवायला त्यालाच जावं लागलं. ती ताडपत्रीखाली ज्वारी निवडत बसली होती.

"माहा सत्कार काहून?" तिनं विचारलं.

"कडूबानं झाडं राखली म्हनून."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "येते."

हॉल चांगला होता, खुर्च्यांना कव्हरं होती. जालन्याच्या एमआयडीसीत ज्यांच्या पोलादाच्या भट्ट्यांचा धूर दिवसरात्र उभा असतो, त्यांच्यापैकीच कुणीतरी चहा-फराळाचा खर्च उचलला होता. त्यांच्या भट्ट्यांना काय बंदी घालायची, हे कार्यक्रमपत्रिकेत कुठं नव्हतं. मोठे साहेब बोलायला उठले. जंगल, इंधन, धोरण, लोकसहभाग, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांचा आवाज हळवा झाला. "या माउलीनं," ते म्हणाले, "पतीच्या चितेसाठी स्वतःच्या घराचं आढं दिलं, पण झाड दिलं नाही. कुणी सांगितलं होतं तिला? कुणीही नाही! हा संस्कार धामणवाडीच्या मातीतला आहे." हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. बद्रीनाथ व्यासपीठावर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

मालनबाईला साडी आणि नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणून माइक तिच्यापुढे धरला. ती त्या माइकपासून जरा मागेच सरली.

"माह्या मालकाचं नाव कडूबा," ती म्हणाली. "ते झाडं राखत व्हते. भावजयीची कुऱ्हाडबी त्याह्यनी सोडली न्हाई." लोक कौतुकानं हसले. ती थांबली, साडीची घडी या हातातून त्या हातात घेतली. "आढ्याचं सायेब म्हन्ले, ते... ते नानाला इचारा. नानाला सारं ठावं हाय." आणि ती जागेवर जाऊन बसली.

तिनं त्याला अडकवलं नव्हतं. उलट मोकळी जागा करून दिली होती. बद्रीनाथ उठला. माइकपर्यंतची वाट फार लांब वाटली. समोर हॉल भरलेला, त्यात उषाबाई, तिची नजर त्याच्यावर. त्याच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'ती माणसं माझ्याकडे आली होती.' त्यानं तोंड उघडलं.

"माझी एक विनंती आहे," त्याचाच आवाज त्याला ऐकू आला. "अंत्यविधीच्या कलमात दुरुस्ती व्हावी. पावसाळ्यात गोवऱ्या मिळत नाहीत. ज्यांच्या घरी जनावरं नाहीत त्यांच्याकडे तर त्या कधीच नसतात. मेलेल्या माणसासाठी वाळलेलं झाड तोडायची मुभा असावी, आणि ते लाकूड गावानं स्वतः वस्तीत नेऊन पोचवावं. नियमच तसा करावा." मग पुढचं वाक्य. ते घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तो म्हणाला, "एवढंच. जय हिंद."

मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "पाहा," ते माइक ओढून घेत म्हणाले, "स्वतःच्या गावानं एवढा त्याग करूनही दुसऱ्या गावांवर तो लादू नका, असं हा माणूस म्हणतो! केवढी ही संवेदना! दुरुस्ती मंजूर." पुन्हा टाळ्या. कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. तोही त्यानं काढला नाही. उषाबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती, आणि त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

परतीच्या एसटीत उषाबाई आणि मालनबाई एका बाकावर बसल्या, बद्रीनाथ पलीकडच्या बाकावर. गाडी जालन्याबाहेर पडली, भट्ट्या मागे राहिल्या, दोन्ही बाजूंना तुरी आणि गहू लागले. मालनबाईच्या मांडीवर साडीचा खोका होता. मग मालनबाई म्हणाली, "कलम बदललं, ते बेस झालं, नाना."

बद्रीनाथच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिनंच म्हटलं म्हणजे सुटलो, असं त्याला क्षणभर वाटून गेलं. म्हणावं तसं बोलता आलं नाही, पण काम तर झालं! "आता कोनावर तशी पाळी यायची न्हाई," तो उत्साहानं म्हणाला. "आन् तुमच्या आढ्याचंबी बघतो मी. माह्या मळ्यातला लिंब तोडतो. उद्याच."

"लिंब द्या. लागतोच हाय." ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा आवाज चढला नव्हता, रागही दिसत नव्हता. "पन तुमी त्याह्यला सांगितलं न्हाई, की आमी मागायला आल्तो. ते सायेब म्हन्ले, कुनी सांगितलं न्हाई, हिनं मनानं दिलं. म्या मनानं दिलं न्हाई, नाना. मानूस घरात, वरून पानी, अन् हातानं आढं उतरवावं लागलं. सारी वस्ती रडत व्हती. साहेबराव तुमच्या वट्ट्याखाली भिजत उभा व्हता. त्या एवढ्या लोकांला वाटलं, आमी मागितलंच न्हाई. आमाला मागायची गरजच पडली न्हाई."

गाडीत गोंगाट होता, तरी बद्रीनाथला प्रत्येक शब्द ऐकू आला. उषाबाईनं मालनबाईच्या हातावर हात ठेवला. बद्रीनाथला नाव राखता आलं होतं, कलमही बदलता आलं होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये त्यानं या बाईचं मागणं गिळून टाकलं होतं, तिच्या नवऱ्याच्या सरणावर उभं राहून टाळ्या घेतल्या होत्या. त्याला स्वतःची किळस आली. गळ्यातला हार त्यानं कधीच काढून बाकाखाली सरकवला होता, तरी मानेवर त्याची ओल जाणवत होती.

"सांगतो मी," तो कसाबसा म्हणाला. "खरं सांगतो. समद्यांला सांगतो."

"कोनाला?" मालनबाईनं विचारलं.

तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. गावात तर सगळ्यांना ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं, ते हॉलमध्ये टाळ्या वाजवून, चहा पिऊन आपापल्या घरी गेले होते. मालनबाई बद्रीनाथच्या उत्तरासाठी थांबली होती.